हलके फ्लायव्हील: सत्याग्रही घाट, मुंबईची फियाट आणि मोदेनाची शर्यतीची गाडी

१/
नागपूरहून अमरावतीकडे निघाले की कोंढाळी, कारंजा (घाडगे) आणि मग तळेगाव (श्यामजी पंत) लागते. इथून एका अंगाला आर्वीचा रस्ता फुटतो, दुसऱ्या अंगाला आष्टीचा. गावाजवळच महामार्गावर सत्याग्रही घाट आहे. सह्याद्रीचे घाट पाहिलेल्या माणसाला तो किरकोळ वाटेल. परंतु साठ वर्षांची, कार्ब्युरेटरवर चालणारी गाडी घेऊन जो या चढावर एखाद्या मालट्रकच्या मागे थांबतो आणि पुन्हा निघू पाहतो, त्याला तो किरकोळ वाटत नाही. हँडब्रेक सोडायचा, क्लच हळूहळू सोडायचा, ॲक्सिलरेटर बेताने दाबायचा. या दोन सेकंदांत गाडीला इंजिन एकटे ओढत नसते. इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेले एक जड लोखंडी चाक आपली साठवलेली शक्ती गाडीला उसनी देत असते. हा थ्रेड त्या चाकाविषयी, आणि ते हलके करण्याच्या मोहाविषयी.

२/
त्या चाकाला ग्रांथिक मराठीत प्रचक्र म्हणतात. गॅरेजमध्ये सगळे फ्लायव्हीलच म्हणतात, तेव्हा इथेही तोच शब्द. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते: इंजिन धक्क्याधक्क्याने शक्ती देते, चाक ती शक्ती सांभाळून ठेवते आणि धक्क्यांमधल्या पोकळीत परत देते. जड चाक जास्त सांभाळते, पण त्याला वेग द्यायलाही जास्त वेळ लागतो. हलक्या चाकाचे उलट. शर्यतीच्या गाडीपासून टॅक्सीपर्यंतचा सारा वाद या दोन वाक्यांत मावतो. बाकी तपशील आहेत, आणि गंमत तपशिलांतच आहे.

३/
वर्धा जिल्ह्याला हा वाद मुळीच परका नाही. विनोबांनी १९२१ साली वर्ध्यात आश्रम सुरू केला, १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, आणि या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत टकळी फिरू लागली. टकळी म्हणजे काय? एक बारीक सळई आणि तिच्या खालच्या बाजूला एक चकती. ती चकती हे फ्लायव्हीलच. चकती जड असेल तर टकळी एका फिरकीत बराच वेळ फिरते, मात्र तिचा भार बारीक सुताला झेपत नाही आणि ते तुटते. हलकी असेल तर सूत बारीक निघते, पण बोटांनी पुन्हापुन्हा फिरकी द्यावी लागते. सूत कसले काढायचे आहे, यावर चकतीचे वजन ठरते. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हेच जडत्वाच्या परिबलाच्या सूत्राने सांगतात.

४/
दुसरे उदाहरण विहिरीवरचे. वीज पोहोचण्यापूर्वी विदर्भातल्या मळ्यांत जी एका सिलिंडरची ऑइल इंजिने पाणी उपसत, त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेपर्यंत येणारी ओतीव लोखंडाची चाके असत. हँडल मारून आधी ती चाके गरगरा फिरवायची, मग डिकॉम्प्रेशनची कळ पाडायची, की चाकांच्या जोरावर इंजिन पहिला दाब पार करून धडधडू लागे. या जातीचे हळू चालणारे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या नियमाप्रमाणे त्यात मिनिटाला ३२५ स्फोट होतात. दोन स्फोटांमधल्या काळात ते फक्त चाकावर जगते. चाक काढून घेतले तर पुढच्या दाबालाच ते थांबेल.

५/
आता चार सिलिंडरच्या मोटारीकडे यावे. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर तिच्यात ८,००० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त. इतक्या दाट स्फोटांना सांधायला जड चाक लागत नाही. मग मोटार कारखाने गाडीला जड चाक का देत? दोनच कारणांसाठी: इंजिन उभ्या गाडीत शांतपणे मंद चालावे म्हणून, आणि नवख्या चालकालाही गाडी न बंद पडता उचलता यावी म्हणून. थोडक्यात, कारखान्याने दिलेले चाक हा कारखान्याने आपल्या गिऱ्हाईकाविषयी केलेला अंदाज असतो.

६/
हा अंदाज कसा बदलतो, हे पाहायला एकच इंजिन पुरे आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. फियाट ११००.

७/
सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० ही गाडी पुढे या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि १९७४ पासून तिचे नाव झाले प्रीमियर पद्मिनी. इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे. इटलीत ११०० डी या आवृत्तीत इंजिन वाढवून १,२२१ घनसेंटिमीटरचे केले गेले. भारतात मात्र १,०८९ कायम राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीखाली जे घरघरत असे ते हेच. दिवसभर सिग्नलला थांबणे, उचलणे, पुन्हा थांबणे. अशा कामाला जड चाक योग्यच.

८/
त्याच सुमारास इटलीत त्याच इंजिनाचे वेगळेच काही चालले होते. जोव्हान्नी लुरानी यांच्या कल्पनेतून ‘फॉर्म्युला ज्युनियर’ नावाचा शर्यतीचा वर्ग १९५८ साली इटलीत सुरू झाला आणि १९५९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हेतू साधा होता: तरुणांना परवडेल अशी शर्यत. म्हणून नियम असा, की इंजिनाचा ब्लॉक आणि हेड बाजारात विकल्या जाणाऱ्या सामान्य गाडीचेच हवे. ११०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला गाडीचे किमान वजन ४०० किलो, १००० पर्यंतच्या इंजिनाला ३६० किलो. मोदेना शहरातल्या व्हित्तोरिओ स्टांग्वेल्लिनी यांनी यासाठी उचलले ते फियाट ११०० चे इंजिन. एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या, सिगारसारख्या निमुळत्या गाडीत ते बसवले, आणि १९५९ साली मोनॅकोत झालेली फॉर्म्युला ज्युनियरची शर्यत स्टांग्वेल्लिनीनेच जिंकली. चालक होता मिखाएल माय.

९/
ज्या घराण्याचे इंजिन कुर्ल्यात टॅक्सीसाठी ओतले जात होते, त्याच घराण्याचे इंजिन मोनॅकोत शर्यत जिंकत होते, हे मराठी वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. मग या दोहोंत बदलले काय? कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट, दाबाचे प्रमाण, एक्झॉस्ट. हे सारे इंजिनाची ताकद वाढवतात. शर्यतीचे इंजिन बांधताना फ्लायव्हीलही लेथवर चढवण्याचा प्रघात जुना आहे. पण त्याची गोष्ट निराळी. फ्लायव्हील हलके केल्याने इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. गाडीचा कमाल वेगही वाढत नाही. बदलतो तो फक्त वेग बदलण्याचा वेग. नव्या शौकिनांचा सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो.

१०/
हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, चाकाच्या केंद्रापासून १२ सेंटिमीटरवरचे ३ किलो लोखंड कापून काढले. गाडीच्या टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिन १६ फेरे घेते तेव्हा टायर एक फेरा घेतो, आणि वरच्या गिअरमध्ये ४ फेऱ्यांना एक, असे धरू. फिरत्या वस्तूचा परिणाम या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना ते ३ किलो म्हणजे गाडीतून सुमारे १३० किलो ओझे उतरवल्यासारखे आहेत. जणू मागच्या सीटवरची दोन माणसे उतरली. आणि वरच्या गिअरमध्ये? जेमतेम ८ किलो. पाण्याचा एक कॅन.

११/
याच हिशेबाचा दुसरा धडा: तेच ३ किलो १२ ऐवजी ६ सेंटिमीटरवरून काढले, तर फायदा निम्मा होत नाही, चौथाई होतो. १३० चे ३३ होतात. म्हणून चाकाला मध्ये भोके पाडून ‘हलके केले’ म्हणणारा मिस्त्री गिऱ्हाईकाला वजनकाट्यावर खूश करतो, रस्त्यावर नव्हे. आणि मध्यभागीच तर क्रँकशाफ्टचे बोल्ट असतात. तिथले लोखंड कमी करणे म्हणजे फायदा थोडा आणि धोका सर्वांत मोठा.

१२/
आता सत्याग्रही घाटात परत येऊ. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एकाच वेगाने चढते आहे. या वेळी फ्लायव्हील जड असो वा हलके, फरक शून्य. चाकाचा वेग बदलत नाही, तोवर ते काही घेत नाही आणि काही देत नाही. ‘जड चाकामुळे गाडी चढाला जोर धरते’ हे वाक्य अनेक जुन्या चालकांच्या तोंडी असते. एकसारख्या चढणीपुरते ते खरे नाही.

पण ट्रकमागे थांबावे लागले, की ते एकदम खरे होते. साधारण आकाराच्या जड फ्लायव्हीलचे जडत्व ०.१ किलोग्रॅम-वर्गमीटर धरले, तर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर त्यात सुमारे १,२०० जूल शक्ती साठलेली असते. एक हजार किलोची गाडी सरळ वर साडेबारा सेंटिमीटर उचलायला पुरेल इतकी. क्लच धरताना इंजिनाचे फेरे निम्म्यावर आले, तर त्यातला तीन-चतुर्थांश हिस्सा चाकाने देऊन टाकलेला असतो. चालकाचा पाय थोडा चुकला तरी ही शिल्लक ती चूक पोटात घालते. चाक निम्मे केले, की शिल्लकही निम्मी. मग एक तर गाडी बंद पडते, नाही तर चालक जास्त ॲक्सिलरेटर देऊन हाफ क्लचवर चढतो आणि क्लचप्लेट जळल्याचा वास येतो. मागे दुसरा ट्रक उभा असतोच.

१३/
मग हलक्या चाकाचे सुख कुठे आहे? गिअर बदलताना. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे खाली यावे लागतात. जड चाक रेंगाळते, चालकाला वाट पाहायला लावते, किंवा क्लच सोडताच गाडीला धक्का देते. हलके चाक पाय उचलल्याबरोबर खाली येते. उतारावर खालचा गिअर टाकताना उलट. ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारली की फेरे वर जातात आणि गिअर लोण्यासारखा बसतो. इंजिन पायाच्या विचाराबरोबर धावते असे वाटते. ज्याने हे एकदा अनुभवले, त्याला लेथचा मोह का होतो हे समजते, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

१४/
इथे भारताच्या इतिहासातली एक अडचण ध्यानात घ्यावी. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परदेशी तयार गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, तेव्हा खरी स्पोर्ट्‌स कार सामान्य शौकिनाच्या आवाक्याबाहेर गेली. ब्रिटनमध्ये १९४५ ते १९४९ दरम्यान एमजी टीसीच्या दहा हजार गाड्या बनल्या. इथे आलेल्या जुन्या एमजी आज संग्राहकांनी जिवापाड जपलेल्या असतात. बाकीच्यांनी काय करावे? जी गाडी हाताशी आहे तिचीच स्पोर्ट्‌स कार करावी. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमला, महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर, शर्यती होत, आणि त्यांत फियाट हे नेहमीचे दृश्य होते. मद्रासलाच १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली. तिचे इंजिन ब्रिटनच्या ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाचे सख्खे भावंड. घरगुती गाडीत शर्यतीचे रक्त शोधण्याची ती पिढी होती. सुटे भाग मिळत नसत, आयात परवडत नसे, पण लेथ आणि टर्नर गल्लोगल्ली होते. लोखंड घालायला पैसे लागतात. काढायला फक्त मजुरी.

१५/
पुढे उलट दिशेचाही एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर उघडी, हलकी रोडस्टर बनवली आणि तिला इंजिन दिले ॲम्बेसेडरमधले १.८ लिटरचे इसुझू. सरकारी साहेबांच्या गाडीचे इंजिन स्पोर्ट्‌स कारमध्ये! वरचा १३० किलोंचा हिशेब अशा गाडीला अधिक लागू पडतो, कारण गाडी जितकी हलकी, तितका फ्लायव्हीलचा वाटा मोठा. तीच गोष्ट चारशे किलोंच्या स्टांग्वेल्लिनीची. जड पद्मिनीत जो फरक चवीपुरता, तो तिथे शर्यत जिंकण्या-हरण्याचा.

१६/
आता काळी बाजू. ही पोस्ट घाईने वाचू नये.

फिरत्या चाकाच्या कडेवरचा ताण कडेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वाफेच्या इंजिनांच्या काळात, नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली त्या काळात, ओतीव लोखंडाच्या चाकाची कड सेकंदाला सुमारे ३० मीटरच्या पुढे नेऊ नये असा अंगठेनियम होता. पाश्चात्त्य गिरण्यांत चाके फुटून इमारतींच्या भिंती कोसळल्याचे प्रसंग घडलेले होते. मोटारीचे चाक लहान आणि भरीव असल्यामुळे ते बरेच जास्त सोसते. तरीही २८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला ८८ मीटर धावते, म्हणजे ताशी ३१५ किलोमीटरहून अधिक. गाडी उभी असली तरीही.

मूळ फियाट ११०० चे इंजिन आपली पूर्ण ताकद ४,४०० फेऱ्यांच्या आसपास देत असे. तेच चाक कापून, पातळ करून ६,६०० फेऱ्यांवर फिरवले, तर फेरे दीडपट आणि ताण सव्वादोनपट. त्यात क्लचच्या उष्णतेने चाकाच्या पृष्ठभागावर बारीक तडे गेलेले असतात. साठ वर्षांच्या चाकात ते असणारच असे धरून चालावे. असे चाक फुटले, तर त्याचे तुकडे ॲल्युमिनियमची घंटा फोडून कुठे जातात? ती घंटा चालकाच्या पायांशी असते.

१७/
म्हणून जाणकार ओतीव लोखंडाचे जुने चाक कापत नाहीत. पोलादाच्या एकसंध तुकड्यातून नवे घडवून घेतात. मूळ चाक कापायचेच ठरले, तर आधी तड्यांची तपासणी, मग मागच्या बाजूने बाहेरच्या कडेचे लोखंड थोडे उतरवणे, क्लच बसतो त्या पृष्ठभागामागची जाडी अबाधित ठेवणे, आणि शेवटी क्लचच्या प्रेशर प्लेटसकट समतोल करून घेणे. अनेक इंजिनांत इग्निशनच्या टायमिंगची खूण फ्लायव्हीलवरच कोरलेली असते. ती लेथच्या किसात गेली, की मिस्त्री पुढची दहा वर्षे कानाने टायमिंग लावत बसतो.

१८/
शिवाय एक अवघड मुद्दा आहे, जो गप्पांत क्वचितच निघतो. क्रँकशाफ्ट हा पोलादाचा दांडा असला तरी प्रत्येक स्फोटाबरोबर तो सूक्ष्म पिळतो आणि सुटतो. त्या कंपनाचा मेळ एका टोकाच्या फ्लायव्हीलच्या वजनाशी बसवलेला असतो. चाक फार हलके केले, की कंपनाचा घातक बिंदू सरकतो, आणि पूर्वी जो कधी वापरातल्या फेऱ्यांत येत नसे तो येऊ शकतो. या काळच्या अशा अनेक इंजिनांत क्रँकला तीनच मुख्य बेअरिंगांचा आधार असे. तिथे क्रँक तुटला, तर ‘लोखंडच खराब होते’ असे म्हणून विषय संपतो. दोष वर्षापूर्वी लेथवर झाला होता, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

१९/
मग निवड कशी करावी? गाडी फक्त शर्यतीच्या मैदानावर जाणार असेल, तर पोलादाचे, शक्य तितके हलके चाक. तिथे घाटात थांबायचे नसते. रविवारी सकाळी नागपूरहून निघून तळेगावला चहा घेऊन परतणारी गाडी असेल, तर बाहेरच्या कडेवरून बेताची घट पुरे: गिअर बदलणे सुखाचे होईल आणि ट्रकमागे थांबल्यावर लाजही राहील. कार्ब्युरेटरच्या गाडीत मंद चाल सावरायला संगणक नसतो, तेव्हा फार हलके चाक घातले की गाडी सिग्नलला थरथरत उभी राहते. तो थरथराट पहिल्या महिन्यात शर्यतीचा वाटतो, दुसऱ्यात कंटाळवाणा. आणि गाडी जर मूळ अवस्थेत राखलेली, ऐतिहासिक म्हणून जपलेली असेल, तर तिच्या चाकाला लेथ लावूच नये.

२०/
हा शेवटचा आग्रह भावनेपोटी नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. एका काळी या गाडीचे फ्लायव्हील कुर्ल्यातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत ढिगाने पडलेले असे आणि एक बिघडवले तर दुसरे मिळे. टॅक्स्या भंगारात गेल्या, तसे त्यांचे लोखंडही भट्टीत गेले. वेल्डिंग करून फ्लायव्हीलचे वजन परत आणता येत नाही. त्या उष्णतेने ओतीव लोखंड ठिसूळ होते आणि समतोल जातो तो जातोच.

२१/
म्हणून ज्यांना हलक्या चाकाची हौस भागवायची आहे त्यांच्यातला शहाणा माणूस नवे पोलादी चाक बसवतो, आणि मूळ चाक ग्रीस लावून, जाड कापडात गुंडाळून, आडवे ठेवून देतो. उभे टेकवून ठेवले तर ते घरंगळते आणि रिंग गिअरचे दाते जमिनीवर आपटून तुटतात. कापडाला एक चिठ्ठी बांधतो: इंजिनाचा क्रमांक, काढल्याची तारीख, आणि क्रँकवर ते कोणत्या भोकाशी कोणते भोक जुळवून बसले होते, याची खूण.